घटनेची ९७ वी दुरुस्ती आणि आपले मत
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी, ठिबक असले विषय घेतो. या खेपेस विषय वेगळा आहे. गटवार मेळाव्यांत हल्ली खताच्या मात्रेपेक्षा दुसरेच प्रश्न जास्त विचारले जातात. "साहेब, सहकार आता दिल्लीला गेला म्हणतात, खरं का?" "दोन वर्षं ऊस घातला नाही, आमचं मत राहणार का जाणार?" "कोर्टानं घटनादुरुस्ती रद्द केली, मग निवडणुकीचा कायदाबी गेला का?" प्रश्न रास्त आहेत. पारावर त्यांची उत्तरे ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे मिळतात, आणि ऐकणारा आणखीच गोंधळतो.

आम्ही वकील नव्हे. कृषी पदविका घेऊन बांधावर काम करणारी माणसे आहोत. कोणत्या पक्षाची बाजू मांडणे हे आमचे काम नाही. आमचा पक्ष उसाचा! पण सभासदाचा ऊस आणि सभासदाचे मत या दोन गोष्टींवर हा कारखाना उभा आहे. उसाविषयी आम्ही बोलतोच. मताविषयी जे निश्चित ठाऊक आहे, ते आज सोप्या भाषेत मांडतो.

घटना म्हणजे देशाचे पोटनियम

आपल्या कारखान्याला पोटनियम आहेत. संचालक किती, सभासद कोण, सभा केव्हा, हे त्यात लिहिले आहे. पोटनियम बदलायचा तर तो सर्वसाधारण सभेपुढे मांडावा लागतो. हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांशांनी मान्य करावा लागतो आणि त्यावर निबंधकाची मंजुरी लागते. चेअरमन साहेबांच्या मनात आले म्हणून एका रात्रीत पोटनियम बदलत नाही.

देशाच्या घटनेचेही असेच आहे. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. तिची पहिली दुरुस्ती पुढच्याच वर्षी, १९५१ साली झाली आणि २०२३ साली १०६ वी झाली. दुरुस्ती कशी करावी हे कलम ३६८ मध्ये सांगितले आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे. शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य बाजूने हवेत.

काही बाबी मात्र अशा आहेत की तेवढ्यानेही भागत नाही. केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या वाटणीला हात घालायचा असेल, तर निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधिमंडळांनी संमती द्यावी लागते. हा नियम नीट ध्यानात ठेवा. पुढचे सगळे रामायण याच एका नियमावरून घडले आहे.

शेतकऱ्याचा आणि घटनादुरुस्तीचा संबंध जुना आहे

कोणी म्हणेल, घटनेत काय बदल होतात याच्याशी कुणब्याचा काय संबंध? तर सर्वांत पहिल्या घटनादुरुस्तीचाच संबंध जमिनीशी होता. स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांनी जमीनदारी आणि कुळांविषयी कायदे केले. जमीनमालक कोर्टात गेले. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता. पाटण्याच्या उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्द ठरवला. तेव्हा १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. या परिशिष्टात घातलेला कायदा मूलभूत हक्काविरुद्ध आहे म्हणून रद्द होणार नाही, असे ठरले. त्यात सुरुवातीला १३ कायदे होते आणि दुसऱ्याच क्रमांकावर मुंबई राज्याचा १९४८ चा कूळ कायदा होता. आपल्यापैकी कित्येकांच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव मालक म्हणून लागले ते याच कायद्याने. म्हणजे घटनेच्या परिशिष्टाचा आणि आपल्या बांधाचा संबंध तेव्हापासूनचा आहे.

त्याही वेळी वाद झालाच. पंडित नेहरूंचे म्हणणे असे की जमीन सुधारणा कोर्टकचेरीत अडकल्या तर गरिबाला न्याय कधी मिळणार? श्यामाप्रसाद मुखर्जींसारख्या विरोधकांनी मूलभूत हक्कांना अशी कात्री लावण्यास कडाडून विरोध केला. प्रौढ मतदानाने निवडलेली संसद अजून यायची होती. अशा हंगामी संसदेने घटनेला हात घालावा काय, हाही आक्षेप होता.

पुढे १९६१ साली महाराष्ट्राचा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. खाजगी साखर कारखान्यांच्या मोठमोठ्या जमिनी त्याखाली गेल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ उभे राहिले. हाही कायदा १९६४ च्या १७ व्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेला. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तोच वामनराव खटला. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी एक मोठी गोष्ट सांगितली होती: संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा मूळ पाया बदलू शकत नाही. त्या निकालाची तारीख २४ एप्रिल १९७३. वामनराव खटल्यात न्यायालयाने १९८० साली असे ठरवले की या तारखेपूर्वी नवव्या परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित आहेत. त्यानंतर घातलेले मात्र या पायाच्या कसोटीवर तपासता येतील. तोवर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून कलम ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क झाला होता.

कुळाला हे बदल तारक वाटले. उलट, शेतकऱ्याच्या जमिनीला कोर्टाचे दार बंद केले, अशी टीका शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून सातत्याने झाली. एकच दुरुस्ती एका घरात दिवाळी आणते, दुसऱ्या घरात शिमगा. तेव्हा घटनादुरुस्ती म्हणजे दिल्लीतल्या लोकांचा विषय, असे कोणी म्हणू नये.

सहकार कोणाच्या वाट्याचा?

आता आपल्या विषयाकडे येऊ. देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला, तो पतसंस्थांपुरता. १९१२ साली तो व्यापक केला गेला. १९१९ च्या सुधारणांनी सहकार हा विषय प्रांतांकडे आला आणि मुंबई प्रांताने १९२५ साली स्वतःचा कायदा केला. घटना झाली तेव्हाही हीच वाटणी कायम राहिली. सातव्या परिशिष्टात केंद्राची सूची, राज्याची सूची आणि दोघांची समाईक सूची अशा तीन याद्या आहेत. सहकारी संस्था राज्यसूचीत, ३२ व्या नोंदीत आहेत. एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या संस्था तेवढ्या केंद्राकडे. खतामुळे आपल्या ओळखीची इफ्को ही अशी बहुराज्य संस्था होय.

ही वाटणी कागदावरची नव्हे. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ चा पहिला हंगाम पार पडला, तेव्हा पाठीशी उभे राहिले ते मुंबईचे सरकार. पुढे राज्याने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमही आपल्या विधिमंडळाचा. म्हणून आपल्या कारखान्याचा कायदा करायचा अधिकार मुंबईचा, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेले होते.

९७ वी दुरुस्ती कशासाठी आली?

घर आपले असले तरी घरात सगळे ठीक होते असे नाही. देशभर सहकारी संस्थांच्या निवडणुका बेमुदत लांबत होत्या. वर्षानुवर्षे प्रशासक बसत. हिशेबतपासणी रखडे. सभासदाने वही बघायला मागितली तर "उद्या या" हे उत्तर ठरलेले. सत्ता बदलली की मंडळ बरखास्त आणि आपली माणसे आत, हा खेळ अनेक राज्यांनी पाहिला. यात एकाच पक्षाचा दोष नाही, ज्याच्या हाती काठी त्याने ती वापरली.

हे थांबवावे म्हणून केंद्राने २००६ साली एक विधेयक आणले होते, ते पडून राहिले. २००९ साली त्यावेळचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी नवे विधेयक मांडले. डिसेंबर २०११ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले, जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १५ फेब्रुवारी २०१२ पासून ९७ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. तिचे तीन भाग आहेत.

पहिला भाग: कलम १९ मध्ये, जिथे संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, तिथे 'सहकारी संस्था' हे शब्द घातले. म्हणजे सहकारी संस्था काढणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क झाला.

दुसरा भाग: कलम ४३-ब. संस्थांची स्वेच्छेने स्थापना, त्यांची स्वायत्तता, सभासदांचे लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन यांना राज्याने उत्तेजन द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्व.

तिसरा भाग मोठा. घटनेत 'भाग नऊ-ब' म्हणून एक नवे प्रकरणच घातले. त्यातली मुख्य कलमे अशी:

– संचालक २१ पेक्षा जास्त नकोत. दोन जागा महिलांसाठी आणि एक अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव.
– मंडळाची मुदत निवडणुकीपासून पाच वर्षे. मुदत संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक झाली पाहिजे.
– मंडळ बरखास्त केले तर प्रशासक सहा महिन्यांपेक्षा जास्त नको (बँकांना जास्तीत जास्त एक वर्ष). जिथे सरकारचे भागभांडवल, कर्ज, साहाय्य किंवा हमी काहीच नाही, तिथे बरखास्ती मुळीच नाही.
– आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत हिशेबतपासणी आणि त्याच मुदतीत वार्षिक सर्वसाधारण सभा. हिशेबतपासनीस सर्वसाधारण सभेने नेमायचा.
– सभासदाला पुस्तके, माहिती, हिशेब पाहण्याची सोय आणि सभासदांचे शिक्षण-प्रशिक्षण.

वाचायला हे सगळे गोडच आहे. यातल्या कोणत्या कलमाला सामान्य सभासद नको म्हणेल? पण हे सगळे राज्यांच्या कायद्यांना बंधनकारक केले होते. राज्यांनी एका वर्षात आपले कायदे बदलायचे होते. न बदलले तरी जुन्या कायद्यातला विसंगत भाग वर्षानंतर आपोआप गळून पडणार होता.

आपल्या राज्यात काय झाले?

वर्षाची मुदत संपताना, फेब्रुवारी २०१३ मध्ये, महाराष्ट्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी १९६० च्या कायद्यात मोठे फेरफार केले. तोवर कारखान्यांच्या निवडणुका जिल्हाधिकारी घेत, त्यासाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आले. राखीव जागांत आपल्या राज्याने इतर मागासवर्ग आणि भटके-विमुक्त यांचीही एकेक जागा ठेवली. आणि सर्वांत जास्त गाजला तो शब्द म्हणजे 'क्रियाशील सभासद'. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेस हजेरी आणि पोटनियमात ठरवलेल्या किमान सेवांचा वापर, या दोन अटी पाळेल तो क्रियाशील. जो पाळणार नाही तो अक्रियाशील, त्याला मत नाही, असे तेव्हा ठरले.

कारखान्याच्या बाबतीत सेवा म्हणजे ऊस घालणे. हा विषय आमच्या खात्याचाच असल्याने येथे जरा थांबतो.

या अटीच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे असे: शेअर घेऊन ठेवायचा, साखर सवलतीत उचलायची, निवडणुकीत मत टाकायचे आणि ऊस मात्र गुऱ्हाळाला नाही तर खाजगीला घालायचा, हा कुठला सहकार? कारखाना ऊस घालणाऱ्याच्या जिवावर चालतो, तर त्याच्या कारभारात बोलायचा अधिकारही त्याचाच. काहींनी तर पुढाऱ्याच्या सांगण्यावरून नावापुरते शेअर काढलेले असतात. अशा मतांनी खऱ्या ऊसवाल्याचे मत पातळ होते.

विरोधकांचे म्हणणेही हलके नाही. दुष्काळ पडला, विहीर आटली, दोन-तीन वर्षे उसाची कांडी लावता आली नाही, तर त्या शेतकऱ्याचा काय गुन्हा? घरधनी गेला, वारसनोंद रखडली, जमीन भावकीच्या वादात अडकली, त्या विधवा भगिनीने ऊस कुठून घालावा? नोंद दिली पण तोडच वेळेवर आली नाही, टोळी पुढच्या शिवारात गेली, आणि नाइलाजाने ऊस दुसरीकडे घालावा लागला, तर दोष कोणाचा? शिवाय कोण क्रियाशील हे ठरवणारे रजिस्टर कारखान्याच्या कार्यालयात असते. सत्तेवरच्या मंडळाने विरोधकांची नावे अक्रियाशीलमध्ये ढकलली तर?

आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ऊस न घालणाऱ्याने कारखाना चालवू नये हे खरे, पण पाऊस न पडल्याची शिक्षा मतदाराला देऊ नये हेही तितकेच खरे. कायदा सर्वांना एक माप लावतो. शेतीत मात्र एकाच शिवारात एकाचे रान पाणथळ असते अन् दुसऱ्याचे कोरडे.

बांध कोणी कोरला?

इकडे राज्ये आपापले कायदे बदलत होती आणि तिकडे गुजरातेत एक याचिका दाखल झाली होती. याचिकेचे म्हणणे असे: सहकार राज्यसूचीतला विषय. भाग नऊ-ब राज्यांच्या अधिकारावर बंधने घालतो. मग निम्म्या राज्यांची संमती घेतली काय? संमती घेतलेलीच नव्हती. पंचायत राज आणि नगरपालिका यांच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांना राज्यांची संमती घेतली होती, सहकाराच्या वेळी मात्र घेतली नाही. २२ एप्रिल २०१३ रोजी गुजरात उच्च न्यायालयाने या कारणावरून भाग नऊ-ब रद्द ठरवला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

केंद्राचा युक्तिवाद असा होता की आम्ही सूचीला हातच लावलेला नाही. ३२ वी नोंद होती तशीच आहे. सहकारावर कायदा राज्यच करणार, आम्ही फक्त तत्त्वे घालून दिली.

शेतकऱ्याला हा युक्तिवाद समजायला वेळ लागू नये. शेजारी म्हणतो, सातबारा तुझ्याच नावावर आहे, नकाशाही तोच आहे, मी फक्त दर साली नांगराचे एक तास आत घेतो! कागद बदलला नाही म्हणून बांध कोरला नाही असे होते काय? २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साधारण हेच ठरवले. सूचीतले शब्द बदलले नसले तरी परिणाम पाहिला पाहिजे. संचालक किती, मुदत किती, प्रशासक किती दिवस, हे सगळे घटनेनेच बांधून टाकले म्हणजे राज्याच्या अधिकाराचा संकोच झाला. त्याला राज्यांची संमती हवी होती आणि ती नव्हती. म्हणून राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता भाग नऊ-ब रद्द.

हा निकाल तीन न्यायमूर्तींचा: रोहिंटन नरिमन, के. एम. जोसेफ आणि भूषण गवई. राज्यांतल्या संस्थांबाबत तिघांचे एकमत झाले. मतभेद झाला तो बहुराज्य संस्थांबाबत. दोघांनी ठरवले की बहुराज्य संस्था केंद्राच्याच अखत्यारीत असल्याने त्यांच्यापुरता भाग नऊ-ब टिकतो. न्यायमूर्ती जोसेफ यांना हे पटले नाही. बहुराज्य संस्थांची कलमे राज्यांच्या संस्थांसाठी लिहिलेल्या कलमांवरच उभी आहेत, तीच गेली तर ही कशावर उभी राहणार, असे त्यांचे म्हणणे. आमच्या भाषेत सांगायचे तर, बुडखाच उपटला तर खोडवा फुटायचा कुठून? पण बहुमताचा निकाल तोच निकाल.

न्यायालयाने दुरुस्तीचा हेतू वाईट ठरवला नाही, हे ध्यानात घ्या. निवडणूक वेळेवर व्हावी, हिशेब वेळेवर व्हावा, याला कोणी नाकारले नाही. काम चांगले असले तरी पोटनियमाप्रमाणे झाले पाहिजे, एवढाच त्या निकालाचा अर्थ. आपण सहकारातल्या माणसांना हे सांगायची गरज नसावी. सभा न घेता केलेला ठराव कितीही हिताचा असला तरी तो ठराव नव्हे.

दिल्ली की मुंबई?

हा निकाल यायच्या दोनच आठवडे आधी, जुलै २०२१ मध्ये, केंद्राने स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन केले आणि अमित शहा त्याचे पहिले मंत्री झाले. त्यामुळे वाद आणखी तापला. एका बाजूने म्हटले गेले की राज्याच्या विषयात केंद्राचा शिरकाव होतो आहे. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की राज्यांच्या संस्थांवर कायदा राज्येच करतील, केंद्र बहुराज्य संस्था, अर्थसाहाय्य आणि धोरण पाहील.

नंतर २०२३ साली संसदेने बहुराज्य सहकारी संस्थांचा कायदा दुरुस्त केला. त्यात बहुराज्य संस्थांसाठी निवडणूक प्राधिकरण आणि तक्रारींसाठी लोकपाल आले. त्यातले एक कलम मात्र प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे. राज्याच्या कायद्याखालची सहकारी संस्था आपल्या सर्वसाधारण सभेत ठराव करून एखाद्या बहुराज्य संस्थेत विलीन होऊ शकते. राज्याच्या कायद्यातल्या तरतुदी सांभाळाव्या लागतात, हे खरे. पण ठरावाला मते किती? सभेस हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश.

आता बोटांवर हिशेब करा. समजा एखाद्या संस्थेचे १५ हजार सभासद आहेत. सभेला ६०० आले आणि सर्वांनी मत दिले, तर ४०० हात वर झाले की दोन-तृतीयांश झाले. घरी बसलेल्या १४,४०० जणांची गणतीच नाही. संस्था एकदा बहुराज्य झाली की तिचा निबंधक पुण्या-मुंबईचा राहत नाही, तो दिल्लीचा केंद्रीय निबंधक होतो. सीमाभागातल्या काही साखर कारखान्यांनी दोन राज्यांत कार्यक्षेत्र असल्याने हा मार्ग घेतला आहे आणि ते स्वाभाविक आहे. पण २०१८ साली कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाला बहुराज्य करण्याच्या प्रस्तावावर केवढा गदारोळ झाला, तेही आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. त्यात कोण बरोबर होते हे सांगणे आमचे काम नाही. एवढेच सांगतो की असा प्रश्न कोणत्याही संस्थेपुढे येऊ शकतो, आणि त्याचे उत्तर मांडवात हजर असलेलेच देतात.

आता आपल्यापुरते उरले काय?

मेळाव्यांतल्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देतो.

'सहकार दिल्लीला गेला काय?' नाही. राज्यातल्या कारखान्यावर कायदा करण्याचा अधिकार राज्याचाच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उलट पक्के झाले.

'घटनादुरुस्ती सगळीच रद्द झाली काय?' नाही. संस्था स्थापन करण्याचा मूलभूत हक्क आणि कलम ४३-ब हे दोन्ही कायम आहेत. रद्द झाला तो भाग नऊ-ब, तोही राज्यांतर्गत संस्थांपुरता.

'मग निवडणूक प्राधिकरण, राखीव जागा, सभेची मुदत हेही गेले काय?' नाही. त्या गोष्टी आपल्या विधिमंडळाने स्वतःच्या कायद्यात घातल्या आहेत. त्या घटनेच्या आधारावाचूनही राज्याचा कायदा म्हणून उभ्या राहतात.

'बदलले काय?' बदलले ते असे. पूर्वी ही बंधने घटनेत होती, म्हणून ती बदलणे राज्याच्या हाती नव्हते. आता आपले विधिमंडळ साध्या बहुमताने मुदत, प्रशासक, क्रियाशील सभासदाची व्याख्या यांत फेरबदल करू शकते. निकालानंतर या कलमांना पुन्हा हात लागलाही आहे. म्हणजे राज्याला बळ मिळाले, पण सभासदाच्या हक्काभोवतीचे घटनेचे कुंपण निघाले. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, राज्यातल्या सहकारी संस्थांच्या निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. साथ होती, कारण खरे होते. पण पाच वर्षांची मुदत किती लवचिक होऊ शकते हेही त्यातून दिसले. अधिकार दिल्लीकडे असावा की मुंबईकडे, यावर पुढारी भांडत राहतील. सभासदाचा प्रश्न निराळा आहे: कायदा कोणीही करो, माझे मत, माझी सभा आणि माझा हिशेब शाबूत आहे ना?

सभासदांनी करावयाच्या गोष्टी

एक. आपले नाव सभासद रजिस्टरात कसे आहे ते गट कार्यालयात येऊन पाहा. मयत सभासदाची वारसनोंद या हंगामापूर्वी करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे आणि शेअर सर्टिफिकेट सोबत आणा.

दोन. उसाची नोंद मुदतीत द्या आणि पोच पावती जपून ठेवा. नोंद देऊन तोड आली नाही तर गट ऑफिसला लेखी कळवा आणि अर्जावर शिक्का घ्या. उद्या कोणी "तुम्ही ऊस घातला नाही" म्हणाले, तर तोंडी बोलण्याला किंमत नाही.

तीन. पाण्याअभावी ऊस लावता आला नाही तर तेही लेखी कळवा. नोंदवही खरी असेल तर सभासदाला न्याय देता येतो. वहीच कोरी असेल तर कोणी काय करावे?

चार. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिला स्वतः या आणि हजेरी पुस्तकात सही करूनच आत बसा. जेवणाच्या पंगतीला येऊन सही न करता परतणारे आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांची हजेरी कोठेच लागत नाही.

पाच. अहवाल घरी येतो तो मुलांच्या वह्यांना घालायला नव्हे. ताळेबंद समजत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या आणि प्रश्न सभेपूर्वी लेखी द्या. विषयपत्रिकेत पोटनियम दुरुस्तीचा विषय असेल तर मूळ पोटनियम आणि दुरुस्ती दोन्ही शेजारी ठेवून वाचा. 'मंजूर, मंजूर' म्हणण्यापूर्वी काय मंजूर केले ते तरी माहीत असावे.

सहा. महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या भरायच्या म्हणून भरू नका. शेतावर निम्म्याहून जास्त राबणाऱ्या आमच्या भगिनींनी सभेला यावे आणि बोलावे. लागणीपासून बांधणीपर्यंतचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो, ताळेबंद काही त्याहून अवघड नाही.

९७ व्या दुरुस्तीची ही हकीकत दहा वर्षांची आहे. तिच्यात संसद आहे, दोन न्यायालये आहेत, केंद्र-राज्याचा तंटा आहे. त्या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोणी करू शकले नाही आणि करू शकणारही नाही: सभासदाला त्याच्या घरून उठवून सभेत आणून बसवणे. ते काम ज्याचे त्यानेच करायचे आहे. बेणे चांगले असले, खत भारी असले, तरी पाण्याची पाळी चुकली की ऊस वाळतो. सहकाराला पाणी सभासदाच्या हजेरीचे.

पोटनियमांची प्रत गट कार्यालयात ठेवलेली आहे. ज्यांना वाचून हवी असेल त्यांना आमचे कर्मचारी वाचून दाखवतील. येत्या सभेस आपण सर्वांनी वेळेवर यावे, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी